‘मैल’ : एका अंतरवाचक शब्दाची अर्थयात्रा आणि कोस, फर्लांग व गुंठा यांच्याशी त्याचे नाते

प्रस्तावना

मोजमापाची एकके ही मानवी व्यवहाराची इतकी अंगवळणी पडलेली साधने आहेत, की त्यांनाही इतिहास असतो याचा सहसा विसर पडतो. नाणी, शिलालेख आणि दप्तरे यांच्याकडे इतिहासाची साधने म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रात दृढ झालेली आहे. मात्र एककांच्या नावांकडे त्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. वास्तविक एखाद्या एककाचे नाव हे त्याला जन्म देणाऱ्या समाजाची, ते सक्तीने लागू करणाऱ्या सत्तेची आणि ते वापरणाऱ्या सामान्य माणसाची साक्ष एकाच वेळी देत असते.

‘मैल’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. इंग्रजीतून मराठीत आलेल्या अंतरवाचक शब्दांमध्ये तो सर्वाधिक रुळलेला आहे. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली आणि पुढील काही वर्षांत हे एकक अधिकृत व्यवहारातून गेले. तरीही ‘मैलाचा दगड’, ‘मैलोन्‌मैल’, ‘मायलेज’ अशा रूपांत शब्द टिकून राहिला. एकक गेले आणि शब्द उरला, असे का झाले? मैलाने ‘कोस’ या देशी एककाची जागा घेतली ती अधिक अचूक असल्यामुळे, की त्यामागे उभ्या असलेल्या संस्थांमुळे? या प्रश्नांच्या अनुषंगाने ‘मैल’ या शब्दाच्या अर्थाचा आणि उपयोगाचा मागोवा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. अंतराचे एकक निसर्गातून सापडत नाही. जमीन, कर, भाडे किंवा हद्द यांविषयीचा एखादा व्यावहारिक तंटा मिटविण्यासाठी ते ठरविले जाते, हे गृहीतक येथे तपासून पाहिले आहे.

१. रोमन लष्कराची ‘हजार पावले’

‘मैल’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘मिल्ले पासुस’ या शब्दप्रयोगात आहे. ‘मिल्ले’ म्हणजे हजार आणि ‘पासुस’ म्हणजे पाऊल. हे पाऊल मात्र आपण समजतो तसे एकेरी नव्हते. एकच पाय उचलल्यापासून तोच पाय पुन्हा जमिनीवर टेकेपर्यंतचे अंतर, म्हणजे मराठीत ज्याला दोन पावले म्हणता येईल ते अंतर, रोमन लोक एक ‘पासुस’ मानीत. त्याची लांबी पाच रोमन फूट होती. त्यामुळे रोमन मैल पाच हजार रोमन फुटांचा, आजच्या मापाने सुमारे १४८० मीटरचा होता.

या एककाच्या जडणघडणीत चालणाऱ्या सैन्याची लय आहे. साम्राज्याच्या मार्गांवर प्रत्येक मैलाला एक दगडी स्तंभ उभारण्याची पद्धत होती. त्यावर अंतराबरोबर सम्राटाचे नाव आणि उपाधीही कोरलेली असे. म्हणजे प्रवाशाला अंतर सांगणारा दगड त्याच वेळी ही भूमी कोणाच्या अमलाखाली आहे हेही सांगत होता. इसवी सनपूर्व २० मध्ये ऑगस्टसने रोमच्या मुख्य चौकात ‘सुवर्ण मैलस्तंभ’ उभारला. सत्तेचे केंद्र हेच अंतराचे आरंभस्थान ही कल्पना येथे मूर्त झाली. पुढे मुंबईत आणि नागपुरात या कल्पनेचे प्रतिध्वनी उमटलेले दिसतात.

२. नांगराचे तास आणि १५९३ चा कायदा

रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली तरी शब्द राहिला. परंतु तेथील शेतकऱ्याच्या जीवनात अंतर मोजण्याची दुसरी परंपरा रुजलेली होती. बैलांनी न थांबता एका दमात ओढायच्या नांगराच्या तासाची लांबी म्हणजे ‘फर्लांग’. या शब्दाचा मूळ अर्थच ‘तासाची लांबी’ असा आहे. फर्लांग चाळीस काठ्यांचा आणि काठी साडेसोळा फुटांची, म्हणजे फर्लांग ६६० फुटांचा असे. एक फर्लांग लांब आणि चार काठ्या रुंद अशी जमीन म्हणजे एक एकर. सारा, वारसा, खरेदी-विक्री हे सर्व व्यवहार एकरावर चालत.

अशा रीतीने इंग्लंडमध्ये अंतराच्या दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. पावलांपासून बनलेला मैल वाटसरूचा होता आणि तासापासून बनलेला फर्लांग शेतकऱ्याचा. मैल म्हणजे आठ फर्लांग असे मानले, तर ५००० फुटांच्या मैलाशी त्याचा मेळ बसत नव्हता. ही विसंगती १५९३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत दूर झाली, आणि तीही जवळजवळ आनुषंगिकपणे. लंडन शहरातील वाढती दाटी रोखण्यासाठी शहराच्या वेशींपासून तीन मैलांच्या आत नवी घरे बांधण्यास मनाई करणारा कायदा त्या वर्षी करण्यात आला. मनाई तीन मैलांपर्यंत असेल, तर मैल म्हणजे नेमके किती, हे सांगणे भाग होते. त्यामुळे कायद्यातच मैल आठ फर्लांगांचा, फर्लांग चाळीस काठ्यांचा आणि काठी साडेसोळा फुटांची असे नमूद केले गेले. यातून ५२८० फूट, म्हणजेच १७६० यार्ड, ही संख्या सिद्ध झाली.

येथे फर्लांग बदलला नाही, मैल बदलला, ही बाब महत्त्वाची आहे. यामागील कारण सामान्यतः असे सांगितले जाते, की फर्लांग बदलला असता तर एकर बदलला असता. एकर बदलला असता तर देशातील प्रत्येक जमिनीचे दस्तऐवज आणि प्रत्येक साऱ्याचा आकडा वादात सापडला असता. मैलाची लांबी २८० फुटांनी वाढली तर नुकसान कोणाचेच नव्हते. ५२८० ही आकडेमोडीस अडचणीची वाटणारी संख्या म्हणूनच अविचाराने आलेली नाही. जमिनीच्या हक्कासमोर प्रवासाच्या मापाने घेतलेली ती माघार आहे.

इ. स. १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर या गणितज्ञाने २२ यार्डांची, शंभर कड्यांची मोजणीची साखळी प्रचारात आणली. दहा साखळ्यांचा फर्लांग, ऐंशी साखळ्यांचा मैल आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर असा तिचा हिशेब होता. काठी, फर्लांग आणि मैल यांची जुनी व्यवस्था न मोडता तिला दशमान गणिताशी जोडणारी ही युक्ती होती. क्रिकेटच्या खेळपट्टीची २२ यार्ड ही लांबी या साखळीइतकीच आहे.

३. एकच शब्द, अनेक लांबी

कायद्याने मैल ठरला तो इंग्लंडपुरता. स्कॉटलंडचा मैल इंग्रजी मैलापेक्षा लांब होता. आयर्लंडमध्ये काठी २१ फुटांची असल्यामुळे तेथील मैल २२४० यार्डांचा झाला. आयरिश काठीने मोजलेला एकर इंग्रजी एकराच्या सुमारे १.६२ पट भरत असे. एकराचा आकडा तोच ठेवून कोणत्या काठीने मोजणी झाली, यावर प्रत्यक्षात मिळणाऱ्या किंवा जाणाऱ्या जमिनीचे क्षेत्र अवलंबून राहिले. जर्मन प्रदेशात ‘माइले’ सुमारे साडेसात किलोमीटरचा होता. स्वीडन व नॉर्वेमध्ये ‘मिल’ हा शब्द आजही प्रचलित आहे, आणि त्याचा अर्थ आहे दहा किलोमीटर. म्हणजे दशमान पद्धती स्वीकारतानाही तेथील समाजाने जुना शब्द टाकला नाही, त्यात नवा आशय भरला.

इंग्रजी भाषिक जगातही ऐक्य उशिरा आले. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी १९५९ मध्ये यार्डाची लांबी ०.९१४४ मीटर अशी ठरविली आणि त्यानुसार मैल १६०९.३४४ मीटरचा झाला. मैलाची व्याख्या आता मीटरच्या आधारे होऊ लागली. जे एकक मीटरचे प्रतिस्पर्धी मानले जाते ते स्वतःच मीटरवर उभे आहे, ही वस्तुस्थिती ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत भूमापनासाठी किंचित वेगळा मैल त्यानंतरही चालू राहिला. तो २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे बंद करण्यात आला.

४. भारतीय अंतरमापन : हाक, मजल आणि कोस

भारतीय उपखंडात अंतराच्या मोजमापाची परंपरा प्राचीन आहे. ‘क्रोश’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ओरडणे, हाक मारणे असा आहे. हाक जेथवर ऐकू जाते तेथवरचे अंतर म्हणजे क्रोश, आणि त्यापासून मराठी ‘कोस’. कौटिलीय अर्थशास्त्रात याच वर्गातील मापासाठी ‘गोरुत’, म्हणजे गाईचे हंबरणे, हा शब्द येतो. रोमन मैल पायाने मोजलेला आणि इंग्रजी फर्लांग नांगराने आखलेला आहे. भारतीय कोस मात्र आवाजाने व्यापलेला आहे. मराठीत आजही एखादे घर ‘हाकेच्या अंतरावर’ असते, तेव्हा क्रोश या शब्दाचा अडीच हजार वर्षांपूर्वीचा अर्थच नकळत बोलला जातो.

कोस ही केवळ अनुभवगम्य कल्पना होती असे मात्र नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या कोष्टकानुसार आठ यवांचे एक अंगुळ, २४ अंगुळांचा एक हस्त, चार हस्तांचा एक दंड, २००० दंडांचा एक क्रोश आणि चार क्रोशांचे एक योजन होते. हस्त दीड फुटांचा धरला तर हा क्रोश १२,००० फुटांचा, म्हणजे सुमारे सव्वादोन मैलांचा भरतो. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने अकबराच्या काळातील कोस ५००० इलाही गजांचा असल्याचे नोंदविले आहे. पुढे ब्रिटिश अमदानीत हा गज ३३ इंचांचा धरण्यात आला. त्या हिशेबाने अकबरी कोस सुमारे २.६ मैलांचा होतो. जहांगीरने आग्रा ते लाहोर या मार्गावर कोसाकोसाला मनोरे उभारण्याची आज्ञा दिली होती. त्या मार्गावरील कोसमनोऱ्यांपैकी अनेक आजही हरियाणा व पंजाबात उभे आहेत. रोमन मैलस्तंभांप्रमाणेच हेही साम्राज्याच्या राजमार्गाचे चिन्ह होते.

अर्थनिश्चितीची अडचण किती मोठी असू शकते याचे उदाहरण सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात मिळते. मार्गांवर वड लावले, आमराया केल्या आणि ठरावीक अंतरावर विहिरी खणविल्या, असा उल्लेख त्यात आहे. हे अंतर सांगणारा प्राकृत शब्द काही अभ्यासक ‘आठ कोस’ असा, तर काही ‘अर्धा कोस’ असा लावतात. दोन अर्थांत सोळा पटींचे अंतर आहे. पहिला अर्थ घेतला तर विहिरी दिवसाच्या मजलेच्या टप्प्यावर येतात. दुसरा घेतला तर पावलोपावली विसावा देणाऱ्या राज्याचे चित्र उभे राहते. एका अंतरवाचक पदाच्या वाचनावर मौर्य राज्याच्या लोककल्याणाचे मोजमाप असे अवलंबून राहते.

लोकव्यवहारात कोस एकच नव्हता. ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ असे त्याचे भेद होते आणि प्रांतोप्रांती त्याची लांबी बदलत असे. महाराष्ट्रात प्रवासाचे मुख्य परिमाण कोसापेक्षाही ‘मजल’ हे होते. अरबी ‘मंझिल’पासून आलेल्या या शब्दाने एका दिवसात करावयाची वाटचाल सूचित होते. घाटवाटांच्या प्रदेशात दोन गावांमधील सरळ अंतर माहीत असून फारसा उपयोग नसतो. चढ किती, पाणी कोठे आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठता येईल का, हे महत्त्वाचे असते. सैन्य ‘मजल दरमजल’ करीत जाई. आषाढी वारीतील पालख्यांचा मार्गही मुक्कामांच्या नावांनीच सांगितला जातो. अंतर हे येथे लांबीपेक्षा श्रम आणि वेळ यांचे माप होते. ‘पंचक्रोशी’ हा शब्द तर अंतराकडून समाजाकडे गेला. पाच कोसांचा परिसर या मूळ अर्थावरून सोयरीक, बाजार आणि जत्रा यांनी बांधलेला गावांचा समूह असा अर्थ त्याला प्राप्त झाला. ‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ ही लोकोक्तीही कोसाला सांस्कृतिक परिमाण देते.

५. मैलाचे आगमन : सर्वेक्षण, रस्ता, टपाल आणि रेल्वे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स रेनेल याने हिंदुस्थानचा नकाशा सिद्ध केला तेव्हा प्रवासवर्णने व लष्करी कूच यांतील कोसांचे मैलांत रूपांतर कसे करावे हा त्याच्यापुढील एक मोठा प्रश्न होता. नकाशासोबतच्या निवेदनात त्याला कोसाच्या प्रांतवार लांबीची स्वतंत्र चर्चा करावी लागली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. यानंतर अंतर हे प्रवाशाच्या सांगण्यावरून नव्हे, तर साखळी आणि कोन यांच्या गणितावरून ठरू लागले.

परंतु सर्वसामान्यांपर्यंत मैल पोहोचला तो नकाशातून नव्हे. त्याची वाहने तीन होती. पहिले वाहन रस्ता. मुंबई बेटावर १७१८ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजणारे दगड शहरातील रस्त्यांवर बसविण्यात आले. त्यांपैकी काहींवर मैलांची संख्या रोमन अंकांत कोरलेली आहे. रोमच्या चौकातील सुवर्णस्तंभाची कल्पना मुंबईत अशी अवतरली. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाल्यावर मुंबई-पुणे प्रवासाचा हिशेब मजलेऐवजी मैलाने करणे शक्य झाले. रस्त्याच्या ठरावीक लांबीची देखभाल करणाऱ्या कामगाराला ‘मैलकुली’ हे नाव मिळाले. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या परिभाषेत हे नाव मैल गेल्यानंतरही टिकून राहिले. रस्त्याच्या इतिहासात अभियंत्यांची नावे नोंदली जातात. खड्डे बुजवून रस्ता चालता ठेवणाऱ्यांची स्मृती मात्र या एका पदनामात आहे.

दुसरे वाहन टपाल. १८५४ पूर्वी पत्राचा आकार वजन आणि अंतर या दोहोंवर ठरत असे. म्हणजे दूरदेशी असलेल्या मुलाशी पत्रव्यवहार करणाऱ्याला अंतराचा दंडच भरावा लागे. १८५४ च्या सुधारणेने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात अर्धा आणा हा एकच दर लागू झाला. येथे राज्यसंस्थेने अंतर मोजण्याचा नव्हे, तर ते हिशेबातून वगळण्याचा निर्णय घेतला. मोजमापाच्या इतिहासात न मोजण्याच्या निर्णयांनाही तितकेच महत्त्व द्यावे लागते.

तिसरे आणि सर्वांत प्रभावी वाहन रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही सुमारे २१ मैलांची पहिली प्रवासी गाडी धावली. रेल्वेत भाडे मैलावर आकारले जाऊ लागले. त्यामुळे मैल हा साहेबाच्या दप्तरातील शब्द न राहता तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी निगडित झाला. कोस स्थानपरत्वे बदलत असे, पण भाड्याचे कोष्टक बदलत नव्हते. कोसाच्या पिछेहाटीचे कारण त्याच्या अशास्त्रीयतेत शोधण्यापेक्षा या कोष्टकात शोधणे अधिक योग्य ठरेल. लीलावतीतील किंवा आईनमधील कोस व्याख्येच्या दृष्टीने मैलाइतकाच काटेकोर होता. त्याच्यामागे अखिल भारतीय दरपत्रक नव्हते, एवढाच भेद होता.

नागपूरचा ‘शून्य मैल’ दगड याच संदर्भात विचारात घेतला पाहिजे. हा दगड भारताचा भौगोलिक मध्य दर्शवितो आणि ब्रिटिशांनी देशातील सर्व अंतरे येथूनच मोजली, अशी लोकसमजूत आहे. तेथील स्तंभावर हैदराबाद, रायपूर, जबलपूर इत्यादी शहरांची मैलांतील अंतरे कोरलेली असल्यामुळे ती दृढ झाली असावी. तथापि तेथील १९०७ च्या दगडाचा संबंध त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या उंचीमापनाशी आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची निश्चित करणारी ती प्रमाण खूण आहे. मुंबईची अंतरे सेंट थॉमसपासून मोजली जात होती, हे वर आलेच आहे. उंचीची खूण लोकमानसात अंतराचे आणि पुढे देशाचे केंद्र बनली, यातून ‘मैल’ या शब्दाचे प्रतीकमूल्य दिसून येते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या तेथील मेट्रो स्थानकाच्या नावातही ‘झिरो माईल’ हे शब्द आहेत.

६. गुंठ्यात दडलेली इंग्रजी काठी

मैलाचा सर्वांत खोल ठसा महाराष्ट्राच्या जमिनीवर उमटला, आणि तो बहुधा ओळखलाही जात नाही. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाची नवी व्यवस्था लावताना प्रथम प्रिंगल यांची पाहणी झाली. ती अपयशी ठरल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नवी मोजणी सुरू केली. या मोजणीपद्धतीत ३३ फुटांची साखळी रूढ झाली. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फुटांचे क्षेत्र, हा एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर.

३३ फूट ही संख्या कोठून आली? ती साडेसोळा फुटांच्या इंग्रजी काठीची दुप्पट आहे, गुंटरच्या साखळीची निम्मी आहे आणि मैलाचा १६० वा भाग आहे. ज्या काठीने १५९३ मध्ये लंडनची बांधकामबंदी आखली, त्याच काठीने इंदापूरच्या शेतकऱ्याचा सारा ठरला. गुंठा हे नाव देशी, पण त्याचे अस्थिपंजर इंग्लंडमधील नांगराच्या तासाचे आहे. आज सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर यांत नोंदले जाते, परंतु खरेदीची बोलणी, भावाभावांतील वाटण्या आणि बांधावरचे तंटे गुंठ्यातच चालतात. एक गुंठा म्हणजे १.०१ आर. हा किरकोळ वाटणारा फरक शंभर गुंठ्यांच्या व्यवहारात एका गुंठ्याहून अधिक होतो. ज्या कुटुंबाची उपजीविका काही गुंठ्यांवर आहे त्याच्यासाठी एककांचे रूपांतर हा केवळ गणिताचा विषय राहत नाही.

७. सागरी मैल

समुद्रावरील मैलाचा वंश निराळा आहे. पृथ्वीच्या अक्षवृत्तीय अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, हे त्याचे मूळ माप. नकाशावरील अंशांवरून अंतर थेट कळावे ही नाविकाची गरज त्यामागे होती. १९२९ मध्ये मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय जलमापन परिषदेत त्याची लांबी १८५२ मीटर ठरली. मीटरही मुळात विषुववृत्त ते ध्रुव या अंतराचा एक कोट्यंश म्हणून कल्पिला गेला होता. त्यामुळे मीटर आणि सागरी मैल हे दोघे पृथ्वीवरून मापलेले आहेत, तर भूमैल पावलावरून आणि नांगरावरून. दशमान पद्धतीच्या काळातही सागरी मैल का टिकला, याचे उत्तर येथे आहे. त्याची उपयुक्तता मीटरने नष्ट होत नाही.

भारताच्या १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने प्रादेशिक समुद्राची मर्यादा १२ सागरी मैल आणि अनन्य आर्थिक क्षेत्राची मर्यादा २०० सागरी मैल ठरविली. महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा याच प्रादेशिक समुद्रात लागू होतो. बारा सागरी मैल म्हणजे सुमारे २२.२ किलोमीटर आणि बारा भूमैल म्हणजे सुमारे १९.३ किलोमीटर. शब्द एकच असला तरी दोन मैलांतील तफावत जवळजवळ तीन किलोमीटरची आहे. पाण्याची खोली ‘वावे’त आणि जागा किनाऱ्यावरील खुणांवरून ओळखणाऱ्या कोकणातील पारंपरिक मच्छीमारासाठी ही अदृश्य रेषा उपजीविकेची रेषा आहे. यांत्रिक नौकांशी होणाऱ्या त्याच्या संघर्षात हद्द हाच कळीचा मुद्दा असतो.

८. किलोमीटर आणि शब्दाचे उत्तरायुष्य

१९५६ च्या वजनमाप प्रमाण कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धती अमलात आली. त्याआधी १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली होती. १९६० च्या दशकात रस्त्यांवरील मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे दगड आले. हा बदल तुलनेने सुरळीत झाला. रस्ता, टपाल, रेल्वे, शाळा आणि मोजणीखाते या ज्या संस्थांनी मैल रुजविला होता, त्यांनीच तो उपटून किलोमीटर रुजविला. याउलट ब्रिटनमध्ये रस्त्यांवरील फलक आजही मैलांतच आहेत. आयर्लंडने वेगमर्यादेचे फलक २००५ मध्ये किलोमीटरमध्ये बदलले.

मराठीत मात्र शब्द हटला नाही. पिवळ्या-पांढऱ्या किंवा हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या किलोमीटर-दगडालाही लोक ‘मैलाचा दगड’च म्हणतात. एखाद्या ग्रंथाचे किंवा घटनेचे महत्त्व सांगताना तर ‘किलोमीटरचा दगड’ असे कोणी म्हणणार नाही. वाहनाचे ‘मायलेज’ किलोमीटरमध्ये सांगितले जाते. वृत्तपत्रे पक्षाला मिळालेल्या ‘राजकीय मायलेज’ची चर्चा करतात, तेव्हा त्यात अंतराचा लवलेशही उरलेला नसतो. ‘फर्लांगभर’ हा शब्द जुन्या पिढीच्या बोलण्यात थोड्या अंतरासाठी येतो. ‘कोसो दूर’ म्हणताना कोणी कोस मोजत नाही. एकके अशा रीतीने अधिकृत व्यवहारातून निवृत्त झाल्यावर भाषेत लाक्षणिक अर्थाने स्थिरावतात. किलोमीटरला हे भाग्य अद्याप लाभलेले नाही, कारण तो अजून कामावर आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मैलाचा प्रत्येक प्रमाणीकृत अर्थ विशिष्ट गरजेतून जन्मला. रोममध्ये सैन्याचे कूच, इंग्लंडमध्ये जमिनीचे हक्क व शहराची हद्द, समुद्रावर नौकानयन आणि भारतात महसूल व वाहतूक या त्या गरजा होत्या.

२. कोसाची पिछेहाट ही अशास्त्रीय मापावर शास्त्रीय मापाने मिळविलेला विजय नव्हती. दोन्ही एककांच्या काटेकोर व्याख्या उपलब्ध होत्या. फरक पाडला तो सर्वेक्षण, रस्ते आणि रेल्वे या संस्थांनी. किलोमीटरने मैलाला हटविले तेही याच मार्गाने.

३. प्रमाणीकरणाने सामान्य माणसाला एकसारख्या भाड्याची व दराची हमी मिळाली. त्याच वेळी मजल या मापातील श्रम, चढ, पाणी व विसावा यांचे भान अधिकृत नोंदींतून नाहीसे झाले. लाभ आणि हानी या दोन्हींची नोंद इतिहासाने घेणे आवश्यक आहे.

४. गुंठ्याच्या रूपाने इंग्रजी काठी आणि बारा सागरी मैलांच्या रूपाने अंशाची कला आजही महाराष्ट्रातील शेतकरी व मच्छीमार यांच्या हक्कांच्या सीमा ठरवीत आहेत. त्यामुळे एककांचा इतिहास हा केवळ शब्दकोशाचा विषय नाही, तो स्थानिक आर्थिक इतिहासाचाही विषय आहे.

५. मोडी दप्तरांतील कोस व मजल, मोजणीखात्याच्या नोंदींतील साखळी व गुंठा आणि जुन्या रस्त्यांवर उरलेले मैलाचे दगड यांचा तालुकानिहाय अभ्यास महाविद्यालयीन पातळीवर इतिहास, भूगोल आणि मराठी या विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगा आहे. रस्तारुंदीकरणात हे दगड झपाट्याने नष्ट होत असल्याने त्यांची नोंद घेण्यास अग्रक्रम देणे इष्ट ठरेल.